मुरघास चांगला झाला आणि फॅट ३.० वर आली: बारा दुभत्या गाईंच्या गोठ्यातलं प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या जानेवारी ते एप्रिलमधलं आहे. गोठा नगर-नाशिक सीमेवरच्या कोरड्या पट्ट्यातला. मालकाला विचारूनच लिहितोय, नावगाव देत नाही. मी चारा-खुराकाचा सल्ला देतो आणि या गोठ्यावर दीडेक वर्ष माझं जाणं-येणं होतं, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच. मुरघास (म्हणजे हिरवा चारा बारीक कापून, दाबून, हवाबंद करून मुरवलेला) बिघडला की गाई बिघडतात हे आता गावोगाव माहिती झालंय. इथे उलटं झालं. मुरघास आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला आणि त्याच्यानंतर गाई बिघडल्या, आणि ते ध्यानात यायला आम्हाला तीन आठवडे लागले.

पार्श्वभूमी

एकूण एकवीस जनावरं, सगळी एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन संकरित. दुधात बारा, आटवलेल्या गाभण तीन, बाकी कालवडी आणि वासरं. मुक्त गोठा, मधोमध गव्हाण. दूध दिवसाला १८० लिटरच्या आसपास, म्हणजे गाईमागे सरासरी १५, त्यात दोन-तीन गाई २२-२४ च्या. राबणारे घरचेच तिघं, मालक, त्याची बायको आणि आई. मालक अजून तिशीतही नाही पण नोंदवही ठेवतो, रोजच्या डेअरीच्या चिठ्ठ्या वहीला टाचलेल्या असतात. पुढे या चिठ्ठ्यांनीच वाट दाखवली म्हणून हे आधी सांगतो. खुराकाचं माप मात्र आईच्या हातात, आणि गाईंची पारख घरात सगळ्यात जास्त त्यांनाच.

मुरघास त्यांनी पहिल्यांदा केला तो २०२३ च्या उन्हाळ्यात. आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका होता, पाणी संपत आलं म्हणून सत्तर दिवसांत कापला, कणसात दूधसुद्धा धरलं नव्हतं. हिरवागार आणि ओलाचिंब माल खड्ड्यात गेला, तळाला पाणी सुटलं, वास व्हिनेगरसारखा झोंबणारा. पण गाई खायच्या आणि त्यावर त्यांचं बरं चाललं होतं. त्या वेळचं एका दुभत्या गाईचं दिवसाचं खाणं असं होतं: मुरघास दोन पाट्या म्हणजे साधारण २० किलो, कडबा कुट्टी साडेतीन किलो, लसूणघास ५ किलो, गोळी पेंड ५ किलो, सरकी पेंड दीड किलो, मका भरडा दीड किलो. दुधाची फॅट ३.७-३.८ टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५. कुणाला काही तक्रार करायला जागा नव्हती.

मग २०२३ चा पावसाळा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आमच्याकडे तर विचारायलाच नको. पण याच्याकडे शेततळं होतं, ठिबक होतं, आणि या वेळी त्याने दाण्याचा हायब्रीड मका अडीच एकर लावला आणि पाणी देऊन पोसला. लष्करी अळीच्या दोन फवारण्या वेळेवर घेतल्या. दाण्यातली दुधाची रेघ (वरचा कडक आणि खालचा दुधाळ भाग यांमधली सीमा) दोन तृतीयांश खाली उतरली तेव्हा कापला, जसा कापायला पाहिजे तसा. मोठं कुट्टी मशीन बोलावलं, ट्रॅक्टर फिरवून फिरवून दाबला, एका दिवसात झाकला. दहा फूट रुंद, पाच फूट खोल, पंचावन्न फूट लांब खड्डा, त्यात ४५ टनाच्या आसपास माल बसला. मी स्वतः शाबासकी देऊन आलो होतो.

जानेवारीच्या मध्यावर जुना मुरघास संपला आणि दुसऱ्याच दिवशी हा नवा उघडला. त्याच आठवड्यात कडबा बंद झाला, कारण दुष्काळामुळे शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा) भाव त्याला परवडेना, आणि लसूणघासाचं पाणी तोडून कांद्याला दिलं. कडब्याच्या जागी मुरघासाची तिसरी पाटी आली. नवा मुरघास गाईंना इतका आवडला की गव्हाण चाटून पुसून साफ. खुराक जवळपास तसाच राहिला, फक्त गोळी पेंड अर्धा किलो कमी केली.

काय अडचण आली

पहिला आठवडा आनंदाचा. दूध गाईमागे लिटरभर वाढलं. मालकाने मला फोन करून सांगितलं, दादा एवढा खर्च केला त्याचं चीज झालं. वहीत बघितलं तर त्याच आठवड्यात फॅट ३.८ वरून ३.५ वर आलेली दिसते, पण दूध वाढलं की फॅट थोडी उतरतेच असं म्हणून आम्ही दोघांनीही सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात ३.३. तिसऱ्यात ३.० आणि एका सकाळी २.९. दराचा पाया तेव्हा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला होता आणि त्याच्या खाली दर पॉईंटला (म्हणजे ०.१ ला) कपात, त्याच्या चिठ्ठीवर लिटरमागे अडीच रुपये जायला लागले. १८० लिटरला रोजचे साडेचारशे. आणि हे कधी, तर दुधाचे भाव आधीच पडलेले आणि लिटरला ५ रुपयांचं सरकारी अनुदान नुकतंच सुरू झालेलं, म्हणजे सरकारने एका हाताने दिलेलं अर्धं इथे कपातीत जात होतं. वाढलेलं दूधही हळूहळू परत मूळ जागी आलं.

संकलन केंद्रावर कुणीतरी बोललं की दुधात पाणी येतंय का बघा. हे त्याला फार लागलं. रात्री साडेनऊला फोन, आवाज चढलेला, दादा आम्ही तीन पिढ्या दूध घालतो, असं कुणी म्हणलेलं नाही. मी त्याला चिठ्ठ्यांचे फोटो पाठवायला सांगितले. फॅट पडत गेली होती पण एसएनएफ ८.५ वरून ८.६, मधे एक दिवस ८.७. पाणी घातलं तर दोन्ही पडतात, फॅट पण आणि एसएनएफ पण. इथे एकटी फॅटच पडतेय आणि एसएनएफ कणभर वर गेलंय, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही, गोष्ट गाईच्या पोटात घडतेय. दुसऱ्या दिवशी त्याच दुधाचं सॅम्पल त्याने दुसऱ्या केंद्रावर तपासलं, एका पॉईंटचा फरक आला. मशीनचा संशय तिथे संपला.

माझी चूक

पोटातलं आहे एवढं कळलं पण पोटात कशामुळे, इथे मी घाई केली. खड्डा उघडला तेव्हा एका बाजूने वरचा अर्धा फूट थर बुरशीचा निघाला होता, तो त्यांनी काढून टाकला होता. माझ्या डोक्यात बुरशी बसली. न जाताच फोनवर टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष पोटात बांधून ठेवणारी पावडर) सुरू करायला सांगितलं आणि कडेचा माल अजून जास्त काढून टाका म्हटलं. पाच दिवस गेले, पैसे गेले, फॅट ३.० ची ३.० च. त्यात काळी नावाच्या गाईने एक पाय उचलून धरायला सुरुवात केली आणि शेणं पातळ झाल्याचं आई म्हणाल्या. खरं म्हणजे त्या आठवडाभर आधीपासून म्हणत होत्या, आमच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं, कारण फोनवर नेहमी मालक असायचा आणि शेण आई उचलायच्या.

बुरशीचा संशय चुकीचा होता असं नाही, तो तपासायलाच पाहिजे होता. चूक ही की गोठ्यात उभं न राहता एका संशयावर पाच दिवस घालवले.

गोठ्यात काय दिसलं

सहाव्या दिवशी दुपारी अकराला गेलो आणि कुणाशी फार न बोलता तासभर नुसता बसलो. त्या वेळी गाईंचं खाऊन झालेलं असतं, निवांत बसलेल्या गाईंमधल्या निम्म्याहून जास्त तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. बारातल्या तीन करत होत्या. एका घासाला किती वेळा चावते ते मोजलं. चांगली गाय पन्नास-साठ वेळा चावते. इथे पस्तीस, अडतीस, एक तर एकोणतीसवर गिळून मोकळी.

शेण करड्या-पिवळ्या रंगाचं, वर फेसाचे बुडबुडे, आणि एकाच गोठ्यात एकीचं पातळ तर दुसरीचं घट्ट. आईंकडून जुनी पिठाची चाळणी मागितली, त्यात ओंजळभर शेण घेऊन नळाखाली धुतलं. खाली राहिले मक्याचे फुटलेले दाणे आणि अर्ध्या-पाऊण इंचाचे न पचलेले तुकडे. आई बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, "अहो भाऊ, हा तर सगळा दाणाच आहे, मी घातलेला भरडा असाच बाहेर पडतोय व्हय?"

त्यांच्या त्या एका वाक्याने माझं लक्ष खड्ड्याकडे गेलं, पण वेगळ्या कारणाने.

खड्ड्याच्या तोंडाशी मधल्या भागातला मुरघास घेतला. वास आंबट-गोड, रंग हिरवट पिवळा, हाताला चिकट नाही, पीएचची पट्टी ४ च्या आसपास. असा मुरघास मी तालुक्यात मोजक्या ठिकाणी बघितलाय. मग तीन गोष्टी केल्या, तिन्ही घरात होतं त्या सामानाने.

पहिली, कोरडा भाग किती ते काढलं. अर्धा किलो मुरघास काट्यावर मोजून आईंनी कढईत अगदी मंद आचेवर शेंगदाणे परततात तसा परतला, करपू न देता, दर थोड्या वेळाने वजन करत. वजन उतरायचं थांबलं तेव्हा १८० ग्रॅम राहिलं. म्हणजे ३६ टक्के कोरडा भाग. जुना ओला मुरघास माझ्या वहीत २५ टक्क्यांच्या आसपास होता.

दुसरी, कागदावर ओंजळभर पसरून पट्टीने तुकडे मोजले. बहुतेक ५-६ मिलीमीटर. मशीनवाल्याने बारीक सेटिंग लावलं होतं, बारीक कापलं की दाबतो चांगला आणि ट्रॉलीत मावतो जास्त. मुरघासाला एक ते दोन सेंटीमीटर पाहिजे.

तिसरी, लिटरच्या मापात मुरघास भरून दाणे निवडले. अख्खे दाणे दोनच, बाकी सगळे फुटलेले. एरवी ही कौतुकाची गोष्ट, कारण फुटलेला दाणा पचतो. आणि खड्ड्यात महिना-महिना मुरतो तसा मक्यातला स्टार्च अजून सहज पचणारा होत जातो. पण इथे तो पचत होता फार लवकर आणि फार जास्त.

मग गव्हाणीच्या कठड्यावर बसून हिशोब मांडला. जुन्या मुरघासात दाणा जवळपास नव्हता, तो नुसता चारा होता, त्यामुळे त्याच्यावर दीड किलो भरडा आणि पाच किलो गोळी पेंड चालून गेली, वर साडेतीन किलो कडबा चघळायला होता. नव्या मुरघासाच्या तीन पाट्या म्हणजे २७ किलो (हा कोरडा, म्हणून पाटी नऊ किलोचीच), त्यात कोरडा भाग जवळपास पावणेदहा किलो, आणि असा कणसाचा मुरघास असेल तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ स्टार्च. म्हणजे मुरघासातूनच जवळपास तीन किलो स्टार्च, वर भरडा आणि गोळी पेंडीतून दोन किलो. आधी गाईच्या पोटात दिवसाला पावणेतीन किलोच्या आत स्टार्च जायचा, आता पाच किलो. आणि चघळायचा कडबा शून्य.

मुरघासाला आपण चारा म्हणतो, पाटी चाऱ्याची म्हणून मोजतो, आणि त्यात अख्खं कणीस कापून गेलंय हे विसरतो. दाणा मुरघासात आधीच आहे, आणि खुराकाच्या हिशोबात तो कुणीच धरत नाही. मीही धरला नव्हता.

गाईचं काय होतं ते सोपं आहे. लांब कोरडा चारा असला की ती रवंथ करते, रवंथीत लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरच्या वर, आणि त्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो जो कोठीपोटातला (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातला) आंबटपणा मारतो. स्टार्च दुप्पट झाला की आम्ल वाढतं, चारा बारीक झाला की लाळ कमी होते, दोन्ही एकदम झालं की कोठीपोट दिवसातून काही तास आंबट राहतं. मोठी पोटफुगी नाही, गाय आडवी पडत नाही, खात राहते, दूध देत राहते. फक्त चाऱ्याचे धागे पचवणारे जंतू मंदावतात, आणि फॅटचा कच्चा माल तिथूनच यायचा असतो. खुराचं दुखणं याच्याच मागून येतं, उशिरा.

कोणकोणते पर्याय होते

मालकाचं पहिलं म्हणणं, मुरघास बंदच करू, कुणाला तरी विकू आणि उसाचं वाढं आणू. तो दुखावला होता, मशीनचा, मजुरीचा, कागदाचा खर्च अजून फिटला नव्हता. मी स्पष्ट विरोध केला. फेब्रुवारीत, दुष्काळात, ३५-४० टन पहिल्या प्रतीचा चारा हातातून घालवायचा आणि वाढं विकत घ्यायचं ज्यात ऑक्झलेटमुळे कॅल्शियमचा वेगळाच घोळ, हे मला पटण्यासारखं नव्हतं. शिवाय दोष मुरघासाचा नव्हताच.

दुसरा पर्याय त्याला दुकानातून सुचवलेला, गोळी पेंड बदला आणि बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारी चरबी) द्या. बायपास फॅटने आकडा थोडा वर येतो हे खरं, पण कोठीपोट तसंच आंबट राहणार आणि खुरं तशीच बिघडत जाणार. पैसे देऊन लक्षण झाकायचं.

तिसरा, नुसता खाण्याचा सोडा. हा स्वस्त आहे आणि उपयोगीही आहे. पण एकटा सोडा म्हणजे गळकी पाईपलाईन चालू ठेवून खाली बादली लावणं. घ्यायचा, पण सोबत म्हणून.

चौथा, स्टार्च कमी करायचा आणि चघळायला काहीतरी आणायचं. इथे खरी ओढाताण झाली, कारण प्रश्न असा की कमी काय करायचं, मुरघास की भरडा? मालक म्हणे मुरघास निम्मा करू. मी म्हणत होतो भरडा पूर्ण बंद, मुरघास थोडा कमी. मुरघास घरचा आहे, भरडा विकतचा आहे, आणि दोघांतून येतं एकच. आईंना हे अजिबात पसंत नव्हतं. व्यायलेल्या गाईला भरडा नाही घातला तर ती पाठीला लागते म्हणजे खंगते हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव, आणि कडब्यावरच्या गाईसाठी तो अनुभव शंभर टक्के बरोबर आहे. मी त्यांना म्हटलं, मावशी भरडा बंद होत नाहीये, तो खड्ड्यातून येतोय, तुम्ही आत्ता चाळणीत बघितलात तोच. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भरड्याच्या पोत्याचं तोंड बांधलेलं होतं.

काय केलं

भरडा बंद. मुरघास २७ वरून २० किलो. गोळी पेंड ४ किलो, पण दोन वेळा धारेच्या आधी रिकाम्या पोटी न देता चार वेळा विभागून आणि आधी चारा, मग पेंड. हा क्रम बदलायला एक पैसा लागत नाही आणि माझ्या मते निम्मं काम त्यानेच होतं. सरकी दीड किलो तशीच. मक्याच्या मुरघासात प्रोटीन कमी असतं, ७ ते ९ टक्क्यांच्या घरात, आणि लसूणघास बंद झालेला, म्हणून अर्धा किलो सोयाबीन पेंड वाढवली. खाण्याचा सोडा गाईला दिवसाला १०० ग्रॅम दोन वेळा मिसळून, मिनरल मिक्श्चर आधीसारखंच.

चघळायच्या चाऱ्याचा प्रश्न राहिला. कडबा महाग. मालकाच्या मामांकडे सोयाबीनचं भुस्कट पडून होतं, ते आणलं. गाई नुसतं भुस्कट तोंड लावून सोडून देतात, काड्या टोचतात, म्हणून दीड किलो कडबा आणि दीड किलो भुस्कट, दोन्ही मुरघासात कालवून. कडबा नेहमीच्या कुट्टीने घातला असता तर परत बारीकच झाला असता. कुट्टी मशीनचं एक पातं काढून ठेवलं, दोन पात्यांच्या जागी एक राहिलं की तुकडा दुप्पट लांब पडतो. दीड-दोन इंचाचे तुकडे यायला लागले.

चौथ्या दिवशी दूध गाईमागे लिटरभर घटलं. हे होणार असं मी सांगून ठेवलं होतं तरी फोन आलाच, आणि पाचव्या दिवशी दोन मोठ्या गाईंना ओंजळ-ओंजळ भरडा परत सुरू झाला होता. आठव्या दिवशी गेलो तेव्हा कळलं. रागवायचं काही कारण नव्हतं, दूध घटताना डोळ्यासमोर बघणं अवघड असतं. त्या दोन गाईंचं दूध मी वेगळं तपासायला सांगितलं. बाकीच्या गाईंची फॅट ३.३ च्या आसपास आणि या दोघींची ३.० च्या खाली. ओंजळ आपोआप थांबली. खरं तर गाईवार सॅम्पल पहिल्याच आठवड्यात घ्यायला पाहिजे होतं, केंद्रावर सगळं दूध एकत्र जातं त्यात कोण बिघडली कळत नाही.

पुढे काय झालं

दहाव्या दिवशी फॅट ३.३, विसाव्या दिवशी ३.६, आणि मार्चमध्ये ती ३.६-३.७ वर ठरली. आधीची ३.८ परत आली नाही. दूध १४ पर्यंत खाली जाऊन पावणेपंधराला स्थिरावलं. रवंथ मोजायचं काम मालकाच्या बायकोने घेतलं, दुपारी भांडी झाली की मोजायची, तिसऱ्या आठवड्यात बारातल्या आठ. शेण एकसारखं झालं, फेस गेला.

पैशाचा हिशोब केला तर खाण्याचा खर्च जवळपास तेवढाच राहिला. भरडा वाचला तो कडबा, सोयाबीन पेंड आणि सोड्यात गेला. फायदा झाला तो कपात थांबल्याचा, रोजचे साडेचारशे.

खुरांनी मात्र सोडलं नाही. मी सांगितलं होतं की खुराचं दुखणं पोट सुधारल्यावरही दीड-दोन महिन्यांनी वर येऊ शकतं, आणि मार्चच्या शेवटी तसंच झालं. काळीच्या जोडीला अजून एक गाय लंगडायला लागली. डॉक्टरांकडून खुरं तासून घेतली. दुसरी सुधारली. काळीच्या तळव्याला जखम निघाली, उभं राहणं अवघड झालं, २२ लिटरवरून ती १३ वर आली आणि तिला लवकर आटवावं लागलं. त्या दोन महिन्यांत दोन गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या, पण ते याच्यामुळेच असं मी म्हणणार नाही, उन्हाळाही होता.

एप्रिलमध्ये नवीनच एक गोष्ट समोर आली. कमी मुरघास द्यायला लागल्यावर सगळ्या जनावरांचा मिळून रोजचा माल सव्वातीनशे किलोच्या घरात लागायचा, आणि दहा फूट रुंद खड्ड्यातून तेवढा काढला तर तोंड दिवसाला जेमतेम पाच इंच मागे सरकतं. उन्हाळ्यात एक फूट सरकायला पाहिजे. तोंडाशी हात घातला की गरम लागायला लागलं, वास बदलला. शेवटचे आठ-दहा टन दुय्यम निघाले, ते भाकड जनावरांनाही जपूनच दिले, आणि बुरशीचा भाग उकिरड्यावर.

आज परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, तीन बदल एका आठवड्यात होऊ देणार नाही. नवा मुरघास, कडबा बंद, लसूणघास बंद, यातला कुठलाही एकच बदल असता तर बहुतेक गाईंनी पेलला असता. जुन्या खड्ड्यातला शेवटचा टन-दीड टन राखून नव्यात मिसळत दहा-बारा दिवसांत बदलायला हवा होता. खड्डा संपत आला की शेतकऱ्याला नवा उघडायची घाई असते, त्यामुळे हे सांगायचं काम माझं होतं.

खड्डा उघडायच्या दिवशीच कढईत अर्धा किलो परतून बघायचा आणि कणसं किती होती ते विचारायचं. कापणीच्या दिवशी मी हजर होतो, मशीनमधून पडलेले तुकडे हातात घेतले होते, छान बारीक झालाय असंच म्हणालो होतो. तिथेच मशीनवाल्याला सेटिंग वाढवायला सांगितलं असतं तर निम्मी गोष्ट टळली असती. मशीनवाला त्याच्या धंद्याच्या हिशोबाने चालतो, गाईच्या हिशोबाने कापायचं असेल तर शेतात कुणीतरी पट्टी घेऊन उभं राहावं लागतं.

दूध वाढलं आणि फॅट तीन पॉईंट उतरली तो पहिला आठवडा हीच खरी वेळ होती. एसएनएफ जागेवर आणि फॅट एकटी खाली, हे मी आता कुठल्याही गोठ्यावर बघितलं की आधी शेण बघायला जातो. आणि फोनवर मालकाशी बोलून झालं की आईंना किंवा जे शेण उचलतं त्यांना फोन द्या म्हणतो.

सोडा लवकर सुरू करायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. केला असता तर काळीचा पाय कदाचित वाचला असता. पण फॅट दोन-तीन पॉईंट वर आली असती आणि सोड्यानेच भागलं असं समजून आम्ही भरडा चालूच ठेवला असता हीही शक्यता तितकीच आहे.

२०२४ च्या खरिपाचा मुरघास त्याने बॅगांमध्ये भरला, खड्डा वापरलाच नाही. मशीनवाल्याला सेटिंग आधीच सांगून ठेवलं. कडब्यासाठी दीड एकर ज्वारी पेरली. पहिली बॅग उघडली त्या दिवशी संध्याकाळी फोन आला, मागे कढईचा आवाज येत होता. "दादा, १५५ राहिलं." म्हणजे ३१ टक्के. विचारलं कणसं कशी होती, तर म्हणाला गेल्या वर्षीपेक्षा बारीक, दाणा अर्धवट भरलेला. मग दोन पाट्यांवर सुरू करायचं ठरलं, कडबा तीन किलो, आणि भरड्याचं आठ दिवस शेण बघून आई सांगतील.